गिरणीवरच्या खोलीतलं नेटवर्क

एकेचाळिसाव्या वर्षी मी एक कॉलेज उभारलं. त्यात ऑफिस होतं, लायब्ररी होती, परीक्षा विभाग होता आणि जागा उरली म्हणून एक कॅन्टीनही होतं. भिंत मात्र एकही नव्हती. सगळं कॉलेज माझ्या जुन्या लॅपटॉपच्या पडद्यावर होतं, आणि लॅपटॉप पालथ्या घातलेल्या स्टीलच्या ताटावर. मे महिन्यात वर्ध्याला तो गादीवर ठेवला की पाच मिनिटांत तापून बंद पडायचा.

ते सरावाचं सॉफ्टवेअर होतं. नेटवर्क शिकणाऱ्या नवख्या माणसाने खरी यंत्रं बिघडवू नयेत म्हणून बनवलेलं. कॉम्प्युटरची चित्रं ओढून आणायची, चित्रातल्याच तारांनी जोडायची, प्रत्येकाला आकड्यांचा पत्ता द्यायचा. मग ती यंत्रं खऱ्यासारखी वागतात. म्हणजे रुसतातही खऱ्यासारखीच. तार जोडली की टोकाला आधी नारिंगी ठिपका येतो, आणि तो हिरवा होईपर्यंत अर्धा मिनिट थांबावं लागतं. आयुष्यात वाट पाहायची मला सवय होती, पण त्या अर्ध्या मिनिटाने माझा जीव खाल्ला.

हा खटाटोप कशासाठी, ते सांगते. मी वर्ध्यात ऑनलाइन फॉर्म भरून देण्याच्या एका दुकानात काम करायची. तिथे एका खाजगी कॉलेजचे प्राचार्य यायचे. त्यांच्या कॉम्प्युटर लॅबचा माणूस निवृत्त होणार होता. माझा हात चालतो हे त्यांनी पाहिलं होतं. ते म्हणाले, नेटवर्कच्या कोर्सचं सर्टिफिकेट जूनअखेर आणा, लॅब तुमच्याकडे देतो. आणि लॅब सकाळी उघडायची, संध्याकाळी बंद करायची म्हणून आवारातच तळमजल्यावर दोन खोल्या मिळतील. पगार ते काय म्हणाले हे मी नीट ऐकलंच नाही. मी फक्त 'तळमजला' एवढं ऐकलं.

माझी माय समुद्रपूर तालुक्यातल्या आमच्या गावी एकटी होती. वडील जाऊन बरीच वर्षं झालेली, मी एकुलती एक. तिचे गुडघे गेलेले. माझी खोली पिठाच्या गिरणीच्या वर, लोखंडी जिना असा उभा की मीसुद्धा तो आडवे पाय टाकत उतरायची. संडास खाली, आणि घरमालकिणीची अट अशी की एकटी बाई असेल तरच खोली, पाहुणा नको. तेव्हा माझ्यासाठी हिशेब सरळ होता. सर्टिफिकेट मिळालं तर माय माझ्याजवळ, नाही मिळालं तर ती तिकडे आणि मी इकडे, दोघी आपापल्या भिंतींशी बोलत.

खरं तर आम्ही बोलत नव्हतोच. आमचं रोजचं बोलणं म्हणजे मिस कॉल. गावातल्या विहारात वंदना झाली की माय घरी यायची आणि सातच्या सुमाराला माझा नंबर लावायची. एकदा वाजू द्यायची. मी तेवढ्यात कापायची; माझे हात गुंतलेले असले तर ती स्वतःच बंद करून थोड्या वेळाने पुन्हा लावायची. तिने वाजवला म्हणजे ती बरी आहे, मी कापला म्हणजे मी बरी आहे. ही पद्धत माझ्या लग्नापासूनची. मी आर्वीला नांदायला गेले तेव्हा फोनमधला बॅलन्स कायम तळाला, शिवाय माहेरचा फोन आला की सासूबाईंच्या कपाळाला आठी. तेव्हा मायनेच ही युक्ती काढली. सात वर्षं मी आर्वीला होते आणि सात वर्षं रोज संध्याकाळी मी फोन कापला. आठव्या वर्षी एक पिशवी घेऊन एसटीने परत आले. काय झालं ते मायने विचारलं नाही, मी सांगितलं नाही. पुढे फोनवर बोलणं फुकटच झालं, पण आमची सवय सुटली नाही. बोलायला बसलं तर काय काय बोलावं लागेल, याची दोघींनाही धास्ती होती असं मला आता वाटतं. तेव्हा वाटायचं, आम्हा मायलेकींना शब्दांची गरजच नाही.

क्लास बसस्टँडजवळ होता. बाकी सगळी पोरंपोरी विशीच्या अलीकडे-पलीकडे. पहिल्या दिवशी त्यांना वाटलं, मी कोणाची तरी आई आहे, फी भरायला आले आहे. म्हणून एका पोराने मला दारापाशी खुर्ची दिली. मी ती खुर्ची उचलून पहिल्या रांगेत नेऊन ठेवली आणि बसले. त्यानंतर मी सगळ्यांची काकू झाले. काकू म्हटलं की माणसं आदर देतात आणि गप्पा मारायच्या थांबतात. मी आले की पोरींचं कुजबुजणं बंद पडायचं. राग यायचा मला, पण त्यांना काय म्हणणार?

सर माझ्याहून पंधरा वर्षांनी लहान, त्यामुळे मला ते आदराने रागवायचे. पिंग म्हणजे काय हे त्यांनी ज्या दिवशी शिकवलं, तो दिवस आठवतो. एक कॉम्प्युटर दुसऱ्याला विचारतो, आहेस का. दुसरा म्हणतो, आहे. एवढंच. मी पहिल्या रांगेतून म्हणून गेले, म्हणजे मिस कॉलच की. सगळा वर्ग हसला. सरही हसले आणि म्हणाले, काकूंनी बरोबर सांगितलं. पण मग ते म्हणाले की पिंगच्या उत्तरावरून यंत्र सुरू आहे आणि रस्ता मोकळा आहे, इतकंच कळतं; त्याचा पंखा जळाला असेल, आत बिघाड असेल, तरी ते उत्तर देतच राहतं. परीक्षेत विचारतील म्हणून मी ते वहीत उतरवून घेतलं आणि खाली दोन रेघा मारल्या.

खोलीवर परत आलं की मी, ते कॉलेज आणि खालच्या गिरणीची घरघर. गिरणी सुरू असली की पाण्याच्या पेल्यातही लाटा उठायच्या. रविवारी ती बंद, मग तेवढीही सोबत नाही. रविवारी सकाळपासून संध्याकाळपर्यंत माझ्या तोंडून एक शब्द निघायचा नाही. दूधवाल्यासमोर पातेलं धरलं की काम भागायचं. एकटेपणाचं लोक फार मोठं करून सांगतात. मला तो असा बारीकसारीक गोष्टींत भेटायचा. जीभ जड झाल्यासारखी वाटायची, आणि सोमवारी दुकानात पहिलं वाक्य बोलताना घसा खाकरावा लागायचा.

मग मी त्या पडद्यावरच्या कॉम्प्युटरना माणसं चिकटवायला लागले. प्रत्येक यंत्राखाली चिठ्ठी लिहिता येते. सरांनी सांगितलं होतं, विभागाचं नाव लिहा. मी लायब्ररीच्या कॉम्प्युटरखाली लिहिलं 'चष्मेवाल्या मॅडम', ऑफिसातल्याखाली 'रजेवरचे साहेब', कॅन्टीनमधल्याखाली 'चहावाले काका'. सॉफ्टवेअरमध्ये वेग कमी करता येतो. तसं केलं की एका यंत्राकडून निघालेला निरोप पाकिटाच्या रूपात तारेवरून सरकताना दिसतो. मॅडमकडून निघून पाकीट तारा एकत्र येतात त्या स्विचपाशी यायचं, एक विभाग दुसऱ्याला जोडणाऱ्या राउटरपाशी थबकायचं, पलीकडे उतरून काकांकडे पोचायचं आणि त्यावर हिरवी खूण उमटायची. मग काकांचं उत्तर त्याच रस्त्याने परत. मी हे तासभर बघत बसायची. एकदा मी मोठ्याने म्हटलं, "काका, दोन कट पाठवा," आणि माझाच आवाज ऐकून दचकले. लगेच उठून कूलरमध्ये पाणी घातलं, जणू कोणी पाहत होतं.

एप्रिलमध्ये मी पहिल्यांदा प्रॅक्टिकलला बसले आणि नापास झाले. नेटवर्क चोख झालं होतं. सगळे ठिपके हिरवे, पाकिटं इकडून तिकडे. परीक्षक आले, बघितलं, मान डोलावली, आणि पडद्यावरच्या राउटरचं बटण बंद करून पुन्हा चालू केलं. सगळं लाल. राउटरला जे काही सांगितलेलं असतं ते त्याला तात्पुरतंच लक्षात असतं. ते जपून ठेव अशी वेगळी आज्ञा दिली नाही, तर वीज जाताच पाटी कोरी होते. ती आज्ञा मी दिलीच नव्हती. जिच्या खोलीतली वीज दिवसातून तीनदा जाते, जी मेणबत्ती आणि काडेपेटी डोळे मिटून शोधते, तिने वीज जाईल हे धरलंच नाही. पोरं बाहेर म्हणाली, काकू, होतं असं. मी घरी येऊन उशीत तोंड खुपसून रडले. सर्टिफिकेटसाठी नाही, माय आणखी दोन महिने एकटी राहणार म्हणून.

त्या संध्याकाळी सातला तिचा मिस कॉल आला. मी डोळे पुसले आणि कापला.

दुसरी परीक्षा जूनच्या पहिल्या आठवड्यात. मायला तेवढं माहीत होतं, कारण एप्रिलनंतर एकदा गावी गेले होते तेव्हा परीक्षेचं आणि तळमजल्यावरच्या खोल्यांचं सांगितलं होतं. शेवटचे पंधरा दिवस मी दुसरं काही केलं नाही. दुकानातून दुपारी चारला निघायची, मोठ्या दवाखान्याच्या फाटकासमोर उसाचा रस प्यायची, तिथून ऑटोने क्लासला जायची, साडेसहाला खोलीवर. मग कॉलेज पाडायचं आणि पुन्हा बांधायचं. एकदा एकाच पत्त्याची दोन यंत्रं झाली आणि दोन्ही भांडायला लागली. एकदा राउटरची तार जोडली पण तिचं तोंड उघडायची आज्ञा विसरले, आणि अर्धा तास लाल ठिपक्याकडे बघत स्वतःला शिव्या दिल्या. सातला फोन वाजायचा, मी कापायची आणि पुढचं काम. दोनतीनदा तो साडेसहालाच आला. मायचं घड्याळ पुढे गेलं असेल म्हटलं. एक दिवस तो थांबेचना. एकदा वाजून बंद व्हायचा तो वाजतच राहिला. पाकीट तेव्हा नेमकं राउटरपाशी होतं आणि पुढे सरकत नव्हतं. मी वैतागून कापला आणि म्हणाले, आहे बाई, जिवंत आहे. हे मी कोणाला ऐकवत होते कोण जाणे.

परीक्षेत यावेळी परीक्षक दुसरे होते. मी नेटवर्क जोडलं, पत्ते दिले, आज्ञा जपून ठेवल्या, आणि त्यांनी हात लावायच्या आधी मीच राउटर बंद करून चालू करून दाखवला. ते हसले. मग एका टोकाहून दुसऱ्या टोकाला पिंग केलं तर पहिलं उत्तर आलंच नाही, पुढची तीन आली. त्यांनी विचारलं, पहिलं का चुकलं? मी म्हणाले, सर, पलीकडचं यंत्र नेमकं कोणतं, हे आधी शोधावं लागतं. त्या शोधण्यात पहिला निरोप वाया जातो. त्यांनी तिथेच कागदावर सही केली. बाहेर आले तर सांगायला कोणी नव्हतं. पोरं आपापल्या घोळक्यात. मी फोन काढला, मायचा नंबर काढला आणि पुन्हा खिशात ठेवला. म्हटलं, उद्या रविवार आहे, तोंडानेच सांगू, तिचा चेहरा बघू.

रविवारी सकाळच्या बसने समुद्रपूरला उतरले, तिथून काळीपिवळी जीपने गाव. वर्ध्याहून पेढे घेतले होते. घराला कुलूप. विहारात गेली असेल म्हणून मी ओट्यावर बसले. समोरच्या घरातून मावशी बाहेर आली. ही आमची शेजारीण, मायच्याच वयाची, रक्ताचं नातं काही नाही. तिने मला पाहिलं आणि जागच्या जागी उभी राहिली. मग म्हणाली, "अंदर ये व बाई. तुही माय माह्या घरी हाये."

माय मावशीच्या पुढच्या खोलीत पलंगावर निजलेली होती. कंबरेपासून खाली चादर, उशाशी चालायचा लोखंडी घोडा. ती झोपेत होती. चेहरा एवढासा झालेला. मावशीने मला स्वयंपाकघरात नेलं आणि खालच्या आवाजात सगळं सांगितलं. नळाजवळ पाय घसरला, खुब्याचं हाड मोडलं. मावशीच्या जावयाने गाडी करून थेट वर्ध्याला नेलं. ऑपरेशनच्या कागदावर नातेवाइकाची सही लागते, तिथे मावशीने सही केली आणि नात्याच्या रकान्यात लिहायला सांगितलं, बहीण. अकरा दिवस दोघी तिथे होत्या. परवाच घरी सोडलं.

मी विचारलं, वर्ध्याला कुठे? तिने सांगितलं. तोच मोठा दवाखाना. फाटकासमोर रसाचा गाडा आहे तोच.

"मायनं शपथ घातलती मले," मावशी म्हणाली. "पोरीची परीक्षा हाये म्हणे, खबरदार सांगशीन त. एक दिवस तू दिसली बी मले, रस पेत होती. मी तिच्यासाठीच रस घ्याले उतरलती. ऑटोच्या आड झाली मी."

काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, तो असा. मी पेढ्यांचा डबा हातात घेऊन उभी होते. मावशी सांगत राहिली. संध्याकाळी वॉर्डातल्या सगळ्या बायकांना माहीत झालं होतं. माय पडल्या पडल्या नंबर लावायची, फोन डोळ्यांपुढे धरायची, मी कापला की मावशीला दाखवायची आणि म्हणायची, पोरगी बरी हाये. मगच जेवायची. ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी कळा सोसवेनात, तेव्हा मात्र तिने फोन वाजू दिला होता. मावशीला म्हणाली होती, उचलला त सांगून टाकतो.

मला राग आला. मावशीचा आला, मायचा आला, माझ्या त्या पाकिटांचा आला. पण सगळ्यात जास्त राग त्या उसाच्या रसाचा आला. मी पंधरा दिवस बर्फ जास्त टाका म्हणून त्या गाडेवाल्याशी हुज्जत घालत होते.

माय जागी झाली. मला पाहून तिने चादर वर ओढली, जणू पाय दिसला नाही की काही झालंच नाही. विचारलं तेवढंच, पास झाली का? मी मान हलवली. मग विचारलं, खोल्या खालीच हायेत न? मी म्हटलं, खालीच. ती म्हणाली, बरं झालं. शेजारपाजारचे चार लोक जमले होते, मावशी पेढे वाटत होती. मी रिकामा डबा धुवायला नेला.

जूनअखेर लॅबची किल्ली मिळाली आणि मी मायला घेऊन आले. दोन खोल्या, मधे दार, खिडकीतून कॉलेजची सायकल ठेवायची जागा दिसते. तिचा पलंग खिडकीशी लावला. जे मागितलं होतं ते सगळं मिळालं होतं. पहिल्या संध्याकाळी सात वाजले आणि आम्ही दोघी समोरासमोर बसलो होतो. सुट्टीचं कॉलेज, आवारात चिटपाखरू नाही. मी भाजी काय करू विचारलं, ती म्हणाली कोणतीबी कर. मी विळी पुढे ओढली. वर्षानुवर्षं एका घंटीवर भागवलेली दोन माणसं एका खोलीत आली की काय बोलतात, हे आम्हाला येतच नव्हतं. गिरणीवरच्या खोलीतही मला इतकं एकटं वाटलं नव्हतं.

मग माझा तोल गेला. इतके दिवस दाबलेलं बाहेर आलं. "अकरा दिवस, माय," मी म्हणाले. "इथंच होती तू. पायी आली असती मी. एक शब्द नाई सांगतला. काऊन?"

ती चिडली नाही. गुडघ्यावरची चादर सारखी करत बसली. मग म्हणाली, "तुह्यापासूनच शिकली मी. सात वर्सं तू रोज कापत होती. मी वाट पायत बसो, तू कापला का मावशीले सांगो, पोरगी सुखात हाये. आन आली त हातावर चटक्याचे डाग घेऊन आली."

मी सवयीने ओढणी दंडावरून खाली ओढली. तिने ते पाहिलं. मला वाटलं होतं, तिने ते डाग कधी पाहिलेच नाहीत. मी तिच्यासमोर दहा वर्षं लांब बाह्यांचे कपडे घातले होते, उन्हाळ्यातसुद्धा.

"तवा इचारायची हिंमत नाई झाली मले," ती म्हणाली. "म्या इचारलं असतं त तू बरी हाये म्हटलं असतं. आता सांग. माह्याकडून उठनं होत नाई, मी कुठं जात नाई."

भाजी चिरायची राहिली. मी दार लोटून घेतलं, तिच्या पलंगाच्या कडेला बसले, बाही वर केली आणि लग्नाच्या पहिल्या उन्हाळ्यापासून सांगायला लागले.